पावती क्रमांक ७३९३९१३३

सात कोटी एकोणचाळीस लाख
एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस.
कळमनुरीचं सेतू केंद्र, दुपारचा दीड,
वीज जाऊन आल्यावर प्रिंटरनं ओकलेला पहिलाच कागद.
समोर दिगांबर मारोती कऱ्हाळे,
खताच्या पिशवीत चार पिढ्या घडी करून आणलेल्या.
म्हणाला, ताई, आता कामून थांबलं?

थांबलं काही नव्हतं. मीच थांबले.
बीएस्सीचं दुसरं वर्ष सुटलं त्याला सतरा वर्षं झाली,
तरी आकडा दिसला की माझा हात भागायला लागतो,
जशी काही बायांची बोटं कापूस नसताना वाती वळतात.

सगळे अंक विषम.
शेवटी तीन, म्हणजे दोन गेला, पाच गेला.
बेरीज अडतीस, म्हणजे तीनही गेला.
सातानं दोन उरले. अकरानं चार. तेरानं आठ.
पावती दिगांबरला दिली, आकडा तळहातावर लिहून घेतला.

रात्री पोरं निजल्यावर, जुन्या रजिस्टरच्या पाठकोऱ्या पानांवर,
एकेका मूळ संख्येला तिच्या दारी पाठवलं.
हजाराच्या वर गेल्या त्या.
आठ हजार पाचशे अठ्ठ्याण्णवपर्यंत जायचं, पुढं गरज नसते.
सगळ्या काही ना काही उरवून परत आल्या.
बाराव्या रात्री खाली लिहिलं: मूळ.

मग चहाचा कप ठेवताना अंगठा शेवटच्या तीनवर पडला
आणि दिसलं
की उरलेलीही मूळच आहे.
त्र्याहत्तर लाख त्र्याण्णव हजार नऊशे तेरा.
अंगठा सरकवला.
सात लाख एकोणचाळीस हजार तीनशे एक्याण्णव: मूळ.
७३९३९.
७३९३.
७३९.
त्र्याहत्तर.
सात.
आठ पिढ्या, आणि एकीलाही कागद मागावा लागला नाही.

इकडं दिगांबरचा बाप मारोती, त्याचा बाप खंडोजी, तिथवर ठीक.
त्यापुढची नोंद उर्दूत. मोईनुद्दीन काझी चष्मा कपाळावर चढवून वाचतात,
नाकाजवळ धरतात, पुन्हा वाचतात:
बाई, इथं नाव नाही. नुसतं ‘रामाचा बाप’ लिहिलंय.
आणि शेजारी अंगठा.
शाईचा, तपकिरी पडलेला,
ज्याच्याखाली काय झाकलंय ते कुणालाच उचलून बघता येत नाही.

मी मात्र माझ्या संख्येचा दाखला पूर्ण भरला.
प्रकार: विषम. मूळ.
अपूर्ण, कारण स्वतःला वगळून भाजक एकच, तो म्हणजे एक.
चारानं भागलं की एक उरतो,
म्हणून दोन वर्गांची बेरीज असणारच, आणि तीही एकाच जोडीची.
ती जोडी मला अजून सापडलेली नाही.
वारस: नाही.
पुढं एक लावा, तीन आत शिरतो. सात लावा, नऊ.
तीन किंवा नऊ लावले तर बरंच खोल जावं लागतं,
पण भेग असते.
दोन, तीन, पाच, सात इथून झाड काढत गेले तर
अशी त्र्याऐंशी पानं लागतात, ही सगळ्यांत टोकाची.
तिच्यावर नुसतं आभाळ.

महिन्यानं दिगांबर आला. मला राहवलं नाही, म्हटलं,
तुमच्या पावतीचा आकडा लई वेगळा आहे बघा.
त्यानं ऐकून घेतलं, अगदी शेवटपर्यंत, टोपी हातात धरून.
मग विचारलं, म्हणजे निघाला का दाखला?
आकड्याचा निघाला, म्हटलं. तुमचा तपासणीत आहे.
तो हसला नाही. मीही नाही.
आतल्या खोलीत काझी खोकले.

पावती त्यानं मधोमध दुमडली, खिशात घातली.
वरच्या अंगाला सात हजार तीनशे त्र्याण्णव दिसत राहिलं,
ती ओळखीची.
घडीच्या आत गेलेला अर्धा भाग
तपासायचा राहूनच गेला.